सोमवारपर्यंत गप्प बसा म्हणे!

मराठी पिक्चर बघून आल्यावर कुणी विचारलं, 'कसा होता?', आणि आपण म्हणालो, 'ठीक होता', की समोरच्याचा चेहरा पडतो. हिंदी पिक्चरला खुशाल बंडल म्हणा, हॉलिवूडच्या सुपरहिरोंची टर उडवा, तेलुगू मारामाऱ्यांना 'डोकं घरी ठेवून जा' असा शेरा मारा. कुणाचं काही बिघडत नाही. मराठीला नुसतं 'ठीक' म्हटलं की लगेच ऐकवलं जातं, 'आपलीच माणसं असं बोलायला लागली तर मराठी सिनेमा चालायचा कसा?' मी पंचविशीतला माणूस, शुक्रवारी काय लागतंय यावर डोळा ठेवून असणारा, पगारातला बऱ्यापैकी हिस्सा तिकिटांवर उडवणारा. समीक्षक वगैरे नाही. फिल्म इन्स्टिट्यूटच्या फाटकावरून रोज गाडीने जातो, तेवढाच माझा त्या शिक्षणाशी संबंध. पण स्वतःच्या पैशाने पिक्चर टाकतो आणि मग चार मित्रांना सांगतो, एवढ्या अधिकारावर बोलतोय: आमच्यासारख्यांच्या तोंडाळपणाने मराठी सिनेमाचं जेवढं नुकसान होतं, त्याहून कितीतरी जास्त या सांभाळून घेण्याने होतं.

हा विषय आता कट्ट्यापुरता राहिलेला नाही. २०२३ मध्ये एक मल्याळम दिग्दर्शक केरळ उच्च न्यायालयात गेला. पिक्चर लागल्या लागल्या यूट्यूबवर त्याची चिरफाड होते, ती थांबवा, असं त्याचं म्हणणं. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोचीत अशाच एका तक्रारीवरून पोलिसांनी परीक्षणं करणाऱ्यांवर गुन्हाही नोंदवला. पुढे न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने, म्हणजे न्यायालयाला तटस्थ सल्ला देणाऱ्या वकिलाने, मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला आणि त्यात सुचवलं की प्रदर्शनानंतर पहिले ४८ तास व्लॉगर मंडळींनी परीक्षण टाकू नये. तमिळनाडूत त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रचंड गाजावाजा झालेला 'कंगुवा' आपटला. तिथल्या निर्मात्यांनी आधी थिएटरवाल्यांना सांगितलं की यूट्यूबवाल्यांना आवारात पाऊल टाकू देऊ नका, आणि डिसेंबरात त्यांची एक संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली: पहिले तीन दिवस परीक्षणांवर बंदी घाला. न्यायालयाने अशी सरसकट मनाई करायला नकार दिला. अभिव्यक्तिस्वातंत्र्य नावाची काहीतरी गोष्ट आहे, याची निर्मात्यांना आठवण करून द्यावी लागली. वर्षभराने, डिसेंबर २०२५ मध्ये, एका बड्या कन्नड नटाच्या पिक्चरच्या वेळी तिकिटं विकणाऱ्या ॲपवरचे गुण आणि अभिप्राय न्यायालयाच्या आदेशाने बंद ठेवले गेले.

मराठीत कोर्टाची पायरी चढायची गरज पडत नाही. आपल्याकडे भिडेवर भागतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ती उगीच नाही.

तर हे तीन दिवस. शुक्रवार, शनिवार, रविवार. एवढ्या तीन दिवसांसाठी निर्माते कोर्टात का जातात, हे समजून घ्यायचं तर थोडा हिशेब बघावा लागतो. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात पैशाच्या वाटणीवरून दोन महिने भांडण चाललं होतं, नवे मोठे पिक्चरच लागत नव्हते. शेवटी तडजोड झाली: पहिल्या आठवड्याच्या कमाईतला ५० टक्के वाटा निर्माता-वितरकांचा, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, आणि त्यानंतर ३० टक्के. प्रत्येक पिक्चरचा करार थोडाफार वेगळा असतो, पण उतरती भाजणी तीच. म्हणजे तिकीट पहिल्या आठवड्यात विकलं गेलं तर निर्मात्याला त्यातला सगळ्यात मोठा तुकडा मिळतो. ज्याचा तारा मोठा, ज्याचे फलक चौकाचौकात, ज्याची आगाऊ तिकिटं बुधवारपासूनच संपतात, त्याला रविवारी रात्रीपर्यंत शांतता मिळाली की बास. पिक्चर कसा का असेना, गल्ला भरून झालेला असतो. सोमवारी लोकांनी शिव्या घालू देत.

आता दुसरं टोक बघा. फारसं नाव नसलेले कलाकार, मुंबई-पुण्याबाहेर फलक जवळपास नाहीत, जाहिरातीचा खर्च म्हणजे एक टीझर आणि टीव्हीवरच्या एखाद्या विनोदी कार्यक्रमात हजेरी. गुरुवारी रात्री ॲप उघडून बघितलं तर आख्ख्या शहरात पाच-सहा खेळ, त्यातला एक सकाळी सव्वाअकराचा आणि एक दुपारी पावणेचारचा. अशा वेळांना येतं कोण? निवृत्त जोडपी, लेक्चर बुडवलेली पोरं, आणि आमच्यासारखे आजारपणाची रजा टाकून बसलेले. शंभर-दीडशे खुर्च्यांच्या पडद्यासमोर वीस-बावीस माणसं. या पिक्चरजवळ प्रसिद्धीचं साधन म्हणून काय आहे? ही बावीस माणसं. ती दुपारी घरी जाऊन बोलली, संध्याकाळी त्यांच्या ग्रुपवर दोन ओळी पडल्या, शनिवारी कुणीतरी पावणेचारचं तिकीट काढलं, तर रविवारी खेळ टिकण्याची शक्यता. सोमवारी गर्दी नसली की मल्टिप्लेक्सवाला पुढच्या शुक्रवारच्या आखणीत हे नाव काढूनच टाकतो, त्याला कुणाशी वैर नसतं. म्हणून तीन दिवस गप्प बसण्याचा नियम आला तर तो मोठ्यांना तारेल आणि छोट्यांना मारेल. ४८ तासांची शिफारस वाचून आपल्याकडच्या काही छोट्या निर्मात्यांनाही ती पटेल असं मला वाटतं, आणि त्यांनी तिच्यापासून सगळ्यात लांब पळायला हवं.

लोकांच्या बोलण्यातून पिक्चर उभा राहतो याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ ला लागला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, पावसाळा. मला विचाराल तर पिक्चर म्हणून तो मला बेताचाच वाटला. भावना जरा जास्तच हाताला धरून समजावून सांगितल्या होत्या, आणि हे मी तेव्हा घरी जेवताना मोठ्या आवाजात बोललोही. आईने ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात तिच्या भिशीतल्या सगळ्या जणी नऊवारी नेसून, गॉगल लावून गेल्या, फोटो काढले, आल्यावर रात्री उशिरापर्यंत फोनवर बोलत होत्या. दुसऱ्या आठवड्यात गर्दी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला हा पिक्चर. माझ्या 'बेताचा' या शेऱ्याने त्याचा केसही वाकडा झाला नाही, कारण ज्यांच्यासाठी तो होता त्यांनी एकमेकींना सांगितलं होतं. कडू शेरा ऐकून लोक पळतात हा निर्मात्यांचा समज आहे. लोक बघतात की शेरा मारणारा कोण आहे आणि त्याची आवड आपल्याशी जुळते का. आईला माझी आवड चांगलीच माहीत आहे.

पण हे चालण्यासाठी बोलणारा खरं बोलतोय एवढा भरवसा लागतो, आणि तोच आता उरलेला नाही. कोथरूडमध्ये एका मल्टिप्लेक्सबाहेर मी हे जवळून बघितलंय. रात्रीचा खेळ सुटला, माणसं जिन्यावरून उतरतायत, आणि खाली दोन पोरं हातात माईक घेऊन उभी. 'काका, कसा वाटला पिक्चर?' काका म्हणाले, 'चांगला आहे, पण इंटर्व्हलनंतर जरा लांबलाय.' माईकवाल्याने माईक खाली घेतला. 'काका, लांबला वगैरे नको. आणि जरा हसून बोला ना. मराठी माणसांनी बघायलाच पाहिजे, असं काहीतरी.' काका भिडस्त. त्यांनी काकूंकडे पाहिलं, शर्ट नीट केला, आणि हसून म्हणाले, 'प्रत्येक मराठी माणसाने सहकुटुंब बघावा असा पिक्चर!' दुसऱ्या दिवशी ही क्लिप 'पब्लिक रिव्ह्यू' म्हणून फिरत होती. इंटर्व्हलनंतर लांबलेला भाग ज्याचा त्याने जाऊन अनुभवायचा.

त्याच्या जोडीला प्रीमियरच्या पोस्टी. एका नटाच्या पिक्चरला दुसऱ्याने 'अप्रतिम! नक्की बघा' म्हणायचं, पुढच्या महिन्यात पहिल्याने दुसऱ्याला तेच परत करायचं. लग्नातल्या आहेरासारखा हा व्यवहार आहे, वहीत लिहून ठेवलेला. मराठी इंडस्ट्री छोटी, सगळ्यांचे सगळ्यांशी संबंध, उद्या त्याच दिग्दर्शकाकडे काम मागायला जायचं असतं. त्यामुळे नट खरं बोलतील ही अपेक्षा मी करत नाही. पण दर शुक्रवारी 'मैलाचा दगड' आणि 'मराठीतला आजवरचा सर्वोत्तम' ऐकून ऐकून लोकांचे कान किटले. वर्षाला शंभराच्या आसपास मराठी पिक्चर येतात. त्यातले बरेचसे अप्रतिमच असतील तर खरोखर अप्रतिम असलेल्याबद्दल काय म्हणायचं? माझ्या ऑफिसातली मुलं मराठी पिक्चरच्या कौतुकाची पोस्ट दिसली की न वाचताच पुढे सरकवतात. त्यांना मराठीचा राग नाही. त्यांना एकदा, दोनदा, पाचदा 'नक्की बघा'वर विसंबून तीनशे रुपये घालून पस्तावायची पाळी आली आहे. सहाव्यांदा पिक्चर खरंच चांगला असतो तेव्हा हे लोक थिएटरात नसतात. त्याची किंमत त्या सहाव्या दिग्दर्शकाने भरायची, ज्याने कुणाकडून खोटं कौतुक मागितलेलंही नसतं.

१२ सप्टेंबर २०२५ ला तीन मराठी पिक्चर एकाच दिवशी लागले: 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट'. आता इथे सांभाळून घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? तिन्हींना 'अप्रतिम' म्हणून मोकळं व्हायचं? महिन्याच्या मधल्या आठवड्यात तीन तिकिटांचे पैसे काढणारा माणूस मला माहीत नाही. त्याला कुणीतरी सांगायला हवं की एकच बघणार असशील तर कुठला. लोकांनी एकमेकांना विचारलं आणि झुंबड 'दशावतार'वर पडली. दिलीप प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे होते. कोकणातल्या म्हाताऱ्या दशावतारी कलावंताचं काम त्यांनी असं केलंय की ते पडद्यावर असेपर्यंत मी मोबाइलला हात लावला नाही, आणि माझ्या पिढीच्या माणसाने हे म्हणणं म्हणजे काय ते समजून घ्या. चेहऱ्याला रंग लागण्याआधीचा आणि नंतरचा त्यांचा खांदा वेगळा दिसतो. आधी वाकलेला, मग ताठ. पण उत्तरार्धात पिक्चर आपलं म्हणणं फार वेळा आणि फार मोठ्याने सांगतो. खाणीमुळे डोंगर जातो, गाव जातं, देव जातो. हे आम्हाला कळलेलं असतं, तरी पुन्हा सांगितलं जातं. मी मित्रांना हे दोन्ही सांगितलं, आणि ते गेले. एकाने नंतर म्हटलं, 'तू खोट काढलीस म्हणून प्रभावळकरांचं खरं वाटलं.' कौतुकाला वजन येतं ते त्याच्या शेजारी ठेवलेल्या तक्रारीमुळे. दुकानदार जेव्हा म्हणतो 'हा आंबा आजच खा, उद्या नाही टिकायचा', तेव्हाच आपण बाकीच्या पेटीवर विश्वास ठेवतो, हे आपल्याला बाजारात कळतं आणि पिक्चरच्या बाबतीत कळत नाही.

पुढच्याच शुक्रवारी, १९ सप्टेंबरला, रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' लागला. जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागातलं परीक्षक मंडळाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. मराठीचा झेंडा, अटकेपार, साता समुद्रापलीकडे. अभिनंदनाच्या पोस्टींचा नुसता पाऊस पडला होता. सप्टेंबरात खेळ शोधायला गेलो तर बोटांवर मोजण्याइतके. मी ज्या मित्राला ओढून नेलं तो एरवी दाक्षिणात्य मारधाडीचा भक्त. मुंबईचा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो आणि लहानपणचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. दोन पुरुषांमधली ओढ आहे ही. मित्राला मी हे आधी सांगितलं नव्हतं. खेळ सुटला, गाडीवर मागे बसून तो बराच वेळ काही बोलला नाही, मग नळ स्टॉपच्या सिग्नलला म्हणाला, 'स्लो आहे यार. पण ती आई... तिला सगळं माहीत असतं रे. आणि ती काही बोलत नाही.' सिग्नल सुटेपर्यंत एवढंच. मी घरी येऊन त्या पिक्चरवरचे दोन-तीन लेख वाचले. चांगले होते. पण हे 'स्लो आहे, पण ती आई' मी पुढे ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतले काही जण त्याच आठवड्यात बघून आले. 'झेंडा' वाचून गेलेला मला कुणी भेटला नाही. स्लो आहे हे आधीच कळल्यामुळे ते कंटाळले नाहीत, हेही सांगायला हवं. स्लो पिक्चरला माणूस तयारीने जातो तेव्हाच तो त्याला गावतो.

मला कल्पना आहे, या 'कॅज्युअल' मतांचं एक घाणेरडं अंगही आहे. पिक्चर राहिला बाजूला, नटाच्या रंगावर, दातांवर, बोलीवर, गावावर घसरणारी मंडळी मी रोज बघतो. २०२५ मध्ये रिॲलिटी शोमधून आलेल्या एका ग्रामीण पोराला नायक केलेला पिक्चर आला, तेव्हा निम्म्या टिंगलीचा पटकथेशी काही संबंध नव्हता. शहरी मराठी माणसाचा जातीपातीचा आणि उच्चारांचा जुना माज तेवढा बाहेर आला. त्या पिक्चरची पटकथा कच्ची असेल तर ते सांगा ना, सांगायलाच हवं. पोराच्या दिसण्याचं काय काढता? आणखी एक जमात आहे, शेवटच्या दृश्याचं थिएटरात शूटिंग करून स्टेटसला ठेवणारी. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने यासाठी तीन महिने ते तीन वर्षं कैदेची आणि किमान तीन लाख दंडाची तरतूद केलीय, हे यातल्या बहुतेकांना माहीतही नसतं. पैसे घेऊन एखाद्याचा पिक्चर पाडणारे असतील तर तेही पकडा. फसवणुकीसाठी कायदा आहेच. पण या सगळ्यांच्या पापासाठी तिकीट काढून आलेल्या बाईला 'सोमवारपर्यंत तोंड उघडू नका' सांगायचं, हा कुठला न्याय?

आणि पिक्चर न बघता बोलणाऱ्यांचं म्हणाल, तर खरं नुकसान कोण करतं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसलंच. मृण्मयी देशपांडे यांचा 'मना'चे श्लोक' १० तारखेला लागला आणि नावावरून भावना दुखावल्या म्हणून पुण्यात खेळ बंद पाडले गेले. निर्मात्यांना पिक्चर मागे घेऊन 'तू बोल ना' या नव्या नावाने पुन्हा आणावा लागला. (नवं नाव या लेखालाही चाललं असतं.) खेळ बंद पाडणाऱ्यांपैकी कितींनी तो पाहिला होता? पिक्चर बघून 'मला नाही आवडला' म्हणणारा कितीही फटकळ असो, त्याने निदान तिकिटाचे दोन-अडीचशे रुपये मोजलेले असतात. सांभाळून घ्या म्हणून आमच्यावर डोळे वटारणारे त्या आठवड्यात बरेच शांत होते, असं माझं निरीक्षण.

मराठीला पडदे मिळत नाहीत, हे दुखणं खरं आहे, आणि जुनं आहे. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर थिएटरचं दार बंद झालं तेव्हा शिवसेनेला रस्त्यावर उतरावं लागलं होतं. एप्रिल २०१५ मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्सनी संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात मराठी पिक्चर दाखवलाच पाहिजे असं जाहीर केलं. वादावादी झाली आणि ती वेळ 'दुपारी बारा ते रात्री नऊ' अशी ताणली गेली. दुपारी बारालाही प्राइम टाइम म्हणायचं धाडस फक्त सरकारच करू शकतं. १८ जुलै २०२५ ला हिंदी 'सैयारा' आला आणि त्याच दिवशी लागलेल्या 'येरे येरे पैसा ३'चे खेळ कमी झाले म्हणून पुन्हा राजकारणी मैदानात. या भांडणात मी मराठी निर्मात्यांच्या बाजूने आहे. मल्टिप्लेक्सला जमीन, सवलती, परवाने इथेच मिळतात, संध्याकाळचा एक खेळ द्यायला काय जातं? पण ही लढाई सरकारशी आणि मल्टिप्लेक्सशी आहे. ती हरली की प्रेक्षकाच्या तोंडावर हात ठेवायचा, ही पळवाट झाली. 'सैयारा'ला रडून रडून बेजार झालेली पोरं बहुसंख्य मराठीच होती की. त्यांना कुणी हिंदीवर उपकार करायला पाठवलं नव्हतं. मैत्रिणीने सांगितलं, 'जा, रडशील', आणि ती गेली. 'सोंगाड्या'चंही तसंच. कोहिनूरचं दार शिवसेनेने उघडून दिलं असेल, पण पुढे आठवड्यांमागून आठवडे खुर्च्या भरल्या त्या लोकांनी, तेही पांढरपेशांनी नाकं मुरडलेली असताना.

यातली गंमत म्हणजे मराठी पिक्चरला गुण देण्याचं काम खुद्द सरकार करतं. अनुदानासाठी तज्ज्ञांची समिती पिक्चर बघते, गुण देते, 'अ' दर्जा, 'ब' दर्जा ठरवते. वर्षानुवर्षं त्याचे आकडे 'अ'ला ४० लाख आणि 'ब'ला ३० लाख असे राहिले. दर्जा मिळाला नाही म्हणून निर्माते कुरकुरतात, पण समितीने गुण देणंच मराठीद्रोह आहे असं कुणी म्हणत नाही. समितीला तिकीट काढावं लागत नाही. मला लागतं. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरापर्यंतच्या तिकिटावर तो पाच टक्के झाला खरा, पण पुण्यात शनिवारी संध्याकाळी शंभराचं तिकीट दाखवा आणि बक्षीस मिळवा. घरातली चार माणसं, पार्किंग, एक पॉपकॉर्न वाटून खायचं म्हटलं तरी दीड हजार गेले. एवढे घालवण्याआधी माणूस शेजाऱ्याला विचारणारच, आणि शेजाऱ्याने खरं सांगावं असं त्याला वाटणारच.

निर्मात्यांना माझं उलटं सांगणं आहे. मत उशिरा यावं म्हणून धडपडू नका, लवकर आणा. हिंदीत पेड प्रीव्ह्यू करतात, प्रदर्शनाच्या एक-दोन दिवस आधी तिकीट लावून काही खेळ. मराठीत त्याची गरज कितीतरी जास्त आहे. बुधवारी रात्री सांगलीत एक खेळ, लातुरात एक, नाशिकला एक, ठाण्याला एक. शंभर-दीडशे रुपये तिकीट, पाहुणे-पत्रकार नकोत, नटमंडळींनी स्टेजवर येऊन 'मराठी सिनेमा वाचवा' म्हणायचं नाही. सामान्य माणसं येतील, बघतील, गुरुवारचा आख्खा दिवस बोलतील. पिक्चर चांगला असेल तर शुक्रवारचा सव्वाअकराचा खेळ बावीसच्या जागी साठ माणसांनी उघडेल, आणि मल्टिप्लेक्सवाल्याशी संध्याकाळच्या खेळासाठी भांडताना हातात काहीतरी असेल. 'इंटर्व्हलनंतर लांबलाय' असं सांगली, लातूर आणि नाशिक तिन्हीकडून आलं, तर गुरुवारी दहा मिनिटं कापायला वेळ उरणार नाही हे मान्य. त्यासाठी प्रीव्ह्यू आठवडाभर आधी ठेवावा लागेल, सेन्सॉरकडे कापलेल्या भागाचे कागद पुन्हा द्यावे लागतील, थोडा खर्च वाढेल. पिक्चरवर दीड-दोन वर्षं घालवलेल्या माणसाला तो आठवडा जड जाऊ नये.